स्किल लॅबमध्ये मुलं बोलती व्हावीत म्हणून: नव्या प्रशिक्षकांसाठी

स्किल लॅबची, म्हणजे डॉक्टर-नर्स होणाऱ्या मुलांनी पेशंटआधी सराव करायच्या खोलीची, जबाबदारी सहसा कोणी मागून घेत नाही, ती अंगावर येते. प्राचार्य बोलावतात, किल्ल्यांचा जुडगा हातात देतात आणि "पुढच्या महिन्यापासून सिम्युलेशन तुमच्याकडे" म्हणून मोकळे होतात. सिम्युलेशन म्हणजे खोट्या पेशंटवरचा सराव. मग नवा प्रशिक्षक मॅनिकिनची (सरावाच्या माणसासारख्या बाहुल्यांची) यादी करतो, बॅटऱ्या बदलतो, बंद पडलेल्या लॅरिंगोस्कोपचा बल्ब शोधत फिरतो. हे सगळं करावं लागतंच. पण लॅब खऱ्या अर्थानं चालते की नुसती उघडी राहते, हे दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. समोरच्या घोळक्यातली एखादी मुलगी सगळ्यांदेखत "मॅडम, मला हे कळलं नाही" असं म्हणू शकते का?

एमबीबीएसला २०१९ पासून नवा क्षमताधारित अभ्यासक्रम आला, नर्सिंगचाही अभ्यासक्रम बदलला आणि सिम्युलेशन वेळापत्रकात शिरलं. आपल्या नाशिकला तर म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे. त्यामुळे लॅब, तपासणी, रजिस्टर यांची कोणाला नव्यानं ओळख करून द्यायला नको. रजिस्टरमध्ये दिसत नाही त्या भागाबद्दल हा लेख आहे.

त्या भागाला मानसिक सुरक्षितता म्हणतात. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वरिष्ठांना टोकलं म्हणून आपला पाणउतारा होणार नाही, हा गटातल्या प्रत्येकाचा भरवसा. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम अभ्यासल्या. चांगल्या टीमच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असणार, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटेच आले. ज्या टीम एकमेकांना सांभाळून काम करत होत्या, तिथे चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर कळलं की त्या टीम चुका लपवत नव्हत्या, बोलून दाखवत होत्या. १९९९ मध्ये त्यांचा या विषयावरचा गाजलेला लेख आला आणि ही कल्पना रुजली.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. "आजकाल मुलांना काही बोलायचीच सोय नाही" ही तक्रार स्टाफरूममध्ये रोज ऐकू येते आणि मानसिक सुरक्षितता म्हणजे तसलंच काहीतरी, असं अनेकांना वाटतं. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. जिथे भरवसा असतो तिथेच चूक स्पष्ट सांगता येते. भरवसा नसेल तर शिक्षक गोडगोड बोलतो, मुलं माना डोलावतात आणि तीच चूक वॉर्डात पेशंटवर होते.

१. हा सराव आहे की परीक्षा, ते आधी ठरवा

दोन्ही एकाच तासात होत नाहीत. सराव म्हणून बोलावलं आणि कोपऱ्यात कोणी गुण भरताना दिसलं, की मुलं शिकणं थांबवून नाटक करायला लागतात. गुण द्यायचेच असतील तर तसं सांगून वेगळा दिवस ठेवा.

कॅमेऱ्याचंही तेच. रेकॉर्डिंग कशाला, कोण बघणार, कधी पुसणार, हे तिन्ही आधी सांगा आणि सांगितल्याप्रमाणे पुसा. विभागप्रमुखांना सीन (सरावासाठी रचलेला प्रसंग) बघायचा असेल तर मुलांना त्याची कल्पना हवी. मध्येच दार उघडून, हाताची घडी घालून उभे राहणारे सर हा कुठल्याही लॅबमधला सर्वांत मोठा अडथळा असतो आणि त्यांना नम्रपणे थांबवणं हे तुमचंच काम आहे. "सर, चर्चेच्या वेळी या ना, तेव्हा तुमचा खरा उपयोग होईल" असं म्हटलं की बहुतेक सर ऐकतात.

२. समोर कोण आहे ते पाहा

आपल्याकडच्या बॅचमध्ये गंगापूर रोडच्या इंग्रजी शाळेतून आलेली मुलगी आणि सुरगाण्याच्या आश्रमशाळेतून आलेली मुलगी एकाच ट्रॉलीपाशी उभ्या असतात. दुसरीच्या हाताला अनेकदा जास्त सफाई असते. पण इंग्रजीत हँडओव्हर द्यायची (पेशंटची माहिती पुढच्याला सांगायची) वेळ आली की तिचा आवाज घशातच राहतो. त्यावर कोणी मागून खुसखुसलं तर ती पुढचे सहा महिने तोंड उघडणार नाही.

यावर उपाय फुकटचा आहे. सरावाच्या सीनमध्ये मराठी चालेल, हे जाहीर करा. औषधांची नावं, डोस आणि आकडे तेवढे स्पष्ट हवेत. तसंही पेठच्या आरोग्य केंद्रातून १०८ च्या गाडीत बाळंतिणीला चढवताना तिथली सिस्टर सिव्हिलला फोन करते तो मराठीतच.

मिश्र बॅच असेल तर आणखी जपावं लागतं. वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेली सिस्टर आणि कालपरवा पास झालेला इंटर्न एकत्र आले की इंटर्न "सर" होतो आणि बाई नुसत्या "ओ सिस्टर" उरतात. लॅबमध्ये सगळ्यांना नावानं हाक मारायची, असा नियम करा. चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून एप्रनवर लावलं की झालं. वयानं मोठ्या सिस्टरला मुलांनी नावापुढे ताई लावलं तर बिघडत नाही. "कोणीतरी सलाईन लावा" म्हटलं की कोणीच लावत नाही, पण "संगीताताई, डाव्या हाताला सलाईन" म्हटलं की लागतं. त्यामुळे या नियमाचा फायदा दुहेरी आहे.

३. सुरुवातीची पंधरा मिनिटं

याला प्रीब्रीफ म्हणतात. वेळ कमी पडला की सगळ्यात आधी कात्री लागते ती यालाच. लावू नका. वेळ नसेल तर सीन छोटा करा.

जेनी रुडॉल्फ, डॅनियल रेमर आणि रॉबर्ट सायमन या सिम्युलेशन तज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रीब्रीफसाठी चार गोष्टी मांडल्या: अपेक्षा स्पष्ट करा, खोट्याला खरं मानण्याचा करार करा, बारीकसारीक व्यवस्था सांगा आणि शिकणाऱ्याचा मान राखाल असा शब्द द्या. त्यांच्याच बोस्टनच्या केंद्रात एक मूळ गृहीतक वापरतात. इथे आलेला प्रत्येक जण हुशार आहे, सक्षम आहे, मनापासून काम करतो आणि त्याला सुधारायचं आहे, असं धरून चालायचं. केंद्राच्या भिंतीवर लावायला हे छान आहे, पण आपल्या तोंडी ते आपल्या बोलीत यायला हवं. काहीसं असं:

"आज मार्क नाहीत. तुम्ही सगळे मनापासून काम करणारे आहात, हे मी धरून चालते. सीन मुद्दाम थोडा अवघड ठेवलाय, त्यामुळे चुका होणार. झालेल्या चुकीवर आपण नंतर स्पष्ट बोलू, कोणाच्या अकलेवर बोलणार नाही. मॅनिकिन खोटं आहे, ते मलाही माहीत आहे. आम्ही ते जमेल तितकं खरं केलंय, उरलेलं तुम्ही खरं मानायचं. इथे कोण काय चुकलं ते या खोलीबाहेर जाणार नाही, हॉस्टेलवर नाही आणि ग्रुपवरही नाही. एकच अपवाद: पेशंटला खरोखर धोका होईल असं काही मला दिसलं, तर मी आधी तुमच्याशीच बोलेन आणि मग ते कोणाला सांगायचं ते ठरवू."

शेवटचं वाक्य गाळू नका. "काहीही झालं तरी बाहेर जाणार नाही" असा शब्द देणं सोपं असतं, पण तो पाळता येईलच असं नाही. जेवढं पाळता येईल तेवढंच कबूल करा. "ही सेफ जागा आहे" असं नुसतं जाहीर करण्यानंही फार काही साधत नाही. मुलं ऐकून घेतात आणि पहिली चूक होण्याची वाट बघतात. त्या पहिल्या चुकीला तुमच्या कपाळावर आठी आली की तुमचं सगळं भाषण वाया गेलं.

४. मॅनिकिनशी ओळख

हे पटकन होतं, पण सोडायचं नाही. नाडी कुठे लागते, छाती कितपत वर येते, सुई कुठल्या हाताला टोचायची, हे सगळ्यांना हात लावून बघू द्या. ओठ निळे पडणं, घाम, हातपाय गार पडणं साध्या मॅनिकिनला दाखवता येत नाही. तेव्हा "विचारा, मी सांगेन" असं ठरवून घ्या. नाहीतर चर्चेचा अर्धा वेळ "मॅडम, नाडी लागतच नव्हती" या वादात जातो आणि खरी चूक बाजूला राहते. क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीत) काय कुठे आहे तेही दाखवा. मुदत संपलेली औषधं सरावाला वापरत असाल तर त्यावर "फक्त सरावासाठी" अशी ठळक पट्टी लावा, म्हणजे ती चुकून वॉर्डात जाणार नाहीत. आणि कोणाला खरोखर चक्कर आली किंवा सुई टोचली तर सीन थांबवायला एक ठरलेला शब्द ठेवा. "खरी इमर्जन्सी" पुरे.

(सीपीआर शिकवायचं पहिलं गाजलेलं मॅनिकिन १९६० मध्ये नॉर्वेच्या एका खेळणी बनवणाऱ्यानं, आस्मुन लेर्दाल यांनी, तयार केलं. मुलांना हे सांगितलं की बाहुलीला हात लावायचा संकोच जरा कमी होतो.)

५. सीन चालू असताना

कमी बोला. काचेपलीकडून सूचनांचा भडिमार केला तर मुलं पेशंटकडे न बघता स्पीकरकडे बघतात. गट पूर्ण अडकला तर नातेवाईक किंवा आयामावशीची भूमिका करणाऱ्याकडून इशारा द्या: "सिस्टर, चादर तर सगळी ओली झालीय हो!"

नव्या बॅचसमोर मॅनिकिनचा अचानक मृत्यू दाखवू नका. मृत्यूची बातमी कशी द्यायची हेच शिकवायचं असेल तर ते आधी सांगून करा. गर्दीतल्या अपघाताचा सराव असेल तरीही आधी कल्पना द्या. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं ट्रायाजचे (कोणावर आधी उपचार करायचे ते ठरवण्याचे) सराव घ्यायचे झाले, तर लक्षात ठेवा की २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. ज्यांच्या घरात किंवा गल्लीत ती आठवण आहे असा कोणी बॅचमध्ये असू शकतो. कोविडमध्ये घरचं माणूस गमावलेले तर प्रत्येक बॅचमध्ये असतात. "आजच्या सीनमध्ये अमुक आहे, कोणाला नको असेल तर निरीक्षक म्हणून बसा, कारण सांगायची गरज नाही." एवढं एक वाक्य पुरतं.

६. चर्चा

खरं शिक्षण इथे होतं. दहा मिनिटांच्या सीनला वीस ते तीस मिनिटं चर्चा धरा. मॅनिकिनच्या खोलीतून बाहेर या, खुर्च्या गोल मांडा आणि स्वतः त्यातल्याच एका खुर्चीवर बसा. टेबलामागे बसलात की तोंडी परीक्षा सुरू झाली असं मुलांना वाटतं.

क्रम साधा आहे: आधी भावना, मग काय घडलं ते थोडक्यात, मग का घडलं, शेवटी काय घेऊन जाणार. २०१५ मध्ये मांडलेल्या 'पर्ल्स' या पद्धतीचा सांगाडा साधारण हाच आहे. "कसं वाटलं?" या प्रश्नाला आपल्याकडे "छान वाटलं मॅडम" हे एकच उत्तर येतं. त्यापेक्षा "आत्ता मनात काय चाललंय, प्रत्येकानं एका शब्दात" असं विचारा. धडधड, राग, लाज, सुटका असे शब्द येतात आणि मग बोलणं सुरू होतं. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहायला शिका. मनात दहापर्यंत मोजा. सातआठच्या सुमारास कोणीतरी बोलतंच.

आता सर्वांत महत्त्वाचा भेद. चूक दोन प्रकारची असते आणि दोन्ही एकाच पद्धतीनं हाताळल्या की घोळ होतो.

एक चूक मोजता येते. छातीवरचा दाब उथळ पडत होता, तर तसं सरळ सांगा: "दाब तीन सेंटिमीटर जात होता, मोठ्या माणसाला पाच ते सहा हवा, मिनिटाला १०० ते १२०. चल, आत्ताच पुन्हा करून बघ." इथे "तुला काय वाटतं, दाब कसा होता?" असले आडवळणाचे प्रश्न विचारणं म्हणजे मुलीला कोड्यात टाकणं आहे. उत्तर तुमच्या खिशात आहे हे तिला कळतं आणि तिला ओशाळल्यासारखं होतं.

दुसरी चूक निर्णयाची असते. तिच्यामागे काहीतरी विचार असतो आणि तो कळल्याशिवाय ती सुधारत नाही. समजा, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सीन आहे. पॅडखाली ठेवलेल्या पाण्यात आपण खायचा लाल रंग कालवलाय. सिस्टरच्या भूमिकेतल्या मुलीनं दोनदा पॅड उचलून बघितला, पुन्हा खाली ठेवला आणि काही बोलली नाही. चर्चेत "तू का सांगितलं नाहीस?" असं विचारलं तर ती मान खाली घालेल. त्याऐवजी जे दिसलं ते, त्याबद्दल तुम्हाला काय वाटलं ते आणि मग खरा प्रश्न, या क्रमानं बोला:

"तू दोनदा पॅड उचलून बघितलास, मला दिसलं. तेव्हा काही बोलली नाहीस. रक्त किती जातंय हे नुसतं बघून नेहमी कमीच वाटतं, म्हणून डॉक्टरांना ते त्याच क्षणी कळायला हवं होतं असं मला वाटतं. तुझ्या मनात त्या वेळी काय होतं?"

उत्तर येतं: "डॉक्टर मॅडम वाकून बघून गेल्या होत्या ना. त्यांना माहीतच असणार असं वाटलं."

हे उत्तर मिळालं की तुमचा विषयच बदलतो. मुलीला रक्तस्राव ओळखता आला होता. अडचण ज्ञानाची नव्हतीच, "त्यांना माहीत असणार" या समजुतीची होती. ही समजूत बहुतेक वेळा खोलीतल्या निम्म्या मुलांची असते. आता प्रश्न सगळ्यांकडे वळवा: "असं वॉर्डात कोणाकोणाला वाटलंय?" हात वर होतात आणि ती मुलगी एकटी उरत नाही.

प्रश्न मात्र खरा हवा. उत्तर ठरवून विचारलेला प्रश्न मुलांना लगेच कळतो. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं नसेल तर विचारू नका, सरळ सांगा.

७. वरिष्ठांना टोकायचा सराव

आपल्याकडे हे सर्वांत अवघड जातं, म्हणून याला वेगळा सीन द्या. वरच्याच बाळंतिणीचं बीपी १६०/११० आहे आणि डॉक्टरच्या भूमिकेतली व्यक्ती म्हणते, "मेथर्जिन द्या." मेथर्जिन हे गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवणारं औषध. वाढलेल्या बीपीला ते देत नाहीत, हे सिस्टरला पाठ आहे. पण "मॅडम, नका देऊ" हे तिच्या जिभेवर येऊन थांबतं.

यासाठी पायऱ्या आधी पाठ करून घ्या, अगदी मोठ्यानं:

"मॅडम, मला जरा काळजी वाटतेय, बीपी १६०/११० आहे."
"मॅडम, या बीपीला मेथर्जिन द्यायला मला ठीक वाटत नाही."
"मॅडम, थांबा. पेशंटला धोका आहे."

दोनदा सांगूनही ऐकलं नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन करायचा. या वाक्यांत उद्धटपणा कुठेच नाही आणि "मॅडम" तर सुटतच नाही. आपल्या मुलींना मान राखून ठाम राहता येतं, हे त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकायची गरज असते.

एक पथ्य पाळा. वरिष्ठाच्या भूमिकेतली व्यक्ती मुद्दाम चुकीची ऑर्डर देऊ शकते, हे प्रीब्रीफमध्ये सांगा. अनेक प्रशिक्षक म्हणतात, सांगितलं तर मजा जाते. माझ्या मते पहिल्या वर्षाला फसवून काही शिकवता येत नाही, त्यांचा तुमच्यावरचा विश्वास मात्र जातो. अनुभवी स्टाफसाठी हवं तर न सांगता करा, पण मग चर्चेचं पहिलं वाक्य हेच असू द्या: "ती ऑर्डर आम्हीच ठरवून चुकीची दिली होती."

८. कोणाला रडू आलं तर

घाबरू नका आणि लगेच समजावायलाही जाऊ नका. पाण्याचा ग्लास द्या आणि सगळ्यांसमोर "काय झालं, काय झालं" करत बसू नका. "बाहेर जायचंय की इथेच बसायचंय?" एवढंच विचारा. बाहेर गेली तर सोबत कोणाला तरी पाठवा आणि चर्चा पुढे न्या. संपल्यावर तिला एकटीला गाठा. सीनपेक्षा घरचं काही निघालं तर ते तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे. कॉलेजच्या समुपदेशकांपर्यंत तिला पोहोचवा. तिला पुन्हा सीन करायची संधी त्याच आठवड्यात द्या, फार पुढे ढकलू नका.

आणि कोणी खिल्ली उडवली तर तिथल्या तिथे थांबवा. आवाज न चढवता "इथे हे चालणार नाही" म्हणा आणि पुढे चला. तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलंत, तर प्रीब्रीफमधला शब्द तुम्हीच मोडलात.

९. जे नुसतं बघतात त्यांचं काय

वीस जणांच्या बॅचमध्ये सीन चौघं-पाचजण करतात, बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात. त्यांना काम दिलं नाही तर ते परीक्षक होतात. प्रत्येकाला एकच गोष्ट बघायला सांगा: एकानं फक्त वेळ लिहायची, एकानं फक्त नावानं हाक मारली का ते, एकानं फक्त ऑर्डर पुन्हा म्हणून दाखवली का ते. चर्चेत त्यांनी दिसलेलं सांगायचं, शेरे मारायचे नाहीत. मोबाइल दाराशी टोपलीत, तुमचाही.

तास संपल्यावर कोरी चिठ्ठी द्या आणि एकच प्रश्न लिहा: "आज कुठे बोलावंसं वाटलं, पण बोलला नाहीत?" नाव नको. आलेल्या चिठ्ठ्या स्वतः वाचू नका. दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला देऊन त्याच्याकडून फक्त मुद्दे मागा. मुलांचं अक्षर तुम्ही ओळखता आणि हे मुलांनाही माहीत असतं.